कूलरच समजा

मंजिरी : नाही बाबा, काळाच पंप घेते. महागाचा घेऊन काय करायचं आता? कळवू भार्गवभैयाला?

पांडुरंग : थांब जरा. ते तिन्ही फोटो मला पुन्हा दाखव.

मंजिरी : आत्ताच तर पाहिले तुम्ही.

पांडुरंग : तेव्हा चष्मा नव्हता.

मंजिरी : होता. डोक्यावर होता.

वनमाला : हव, तो तिथंच असते. वाचाले कमी आन केस दाबाले जास्त.

मंजिरी : आई, तुम्ही आंबे चिरा बरं. हे घ्या बाबा. हा काळा, सगळ्यात स्वस्त. हा मधला, आपला बिघडला न, तोच. सेम कंपनी, सेम मॉडेल. आणि हा चांदीसारखा, किल्लीच्या झाकणाचा. तिन्ही भार्गवभैयाच्या दुकानात आहेत. दुपारी जेवायला माझ्या घरी जाईन तेव्हा वाटेत देऊन जाईन म्हणाला. कोणता आणू ते विचारून राहिला.

पांडुरंग : किल्लीचं झाकण म्हणजे?

मंजिरी : पंपाच्या डोक्यावर ही पाण्याची टाकी असते न, तिचं झाकण. सोबत छोटी लोखंडी किल्ली येते. ती लावल्याशिवाय उघडत नाही.

पांडुरंग : म्हणजे येता-जाता कोणी सहज उघडू शकत नाही.

मंजिरी : नाही.

पांडुरंग : मग तोच घे.

मंजिरी : बाबा, झाकण पाहून पंप नसतात निवडत.

पांडुरंग : मग काय पाहून निवडतात? सांग न. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मंजिरी : आता समजून काय करता? पाच वाजता गुढियारीचा तो मुलगा येऊन मशीन, सगळा कॉम्प्युटरच विकत घेऊन जाईल.

पांडुरंग : तरी.

मंजिरी : बरं. दोन गोष्टी पाहायच्या. पंप किती पाणी ढकलतो, आणि किती जोरानं ढकलतो. लोक पहिलीच पाहतात. मोठी धार दिसली की खुश. पण कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या बारीक, रेडिएटरच्या आतली वाट त्याहून बारीक. तिथून पाणी काढायला जोर लागतो. तुमच्या परागनं सुचवलं होतं न, कूलरचा पंप लाव, स्वस्तात होईल. कूलरच्या पंपाची धार मोठी दिसते, पण नळीवर अंगठा ठेवला की संपलं.

पांडुरंग : खरं आहे. खसच्या जाळीपर्यंत चढतं पाणी, पण पाइप जरा दुमडला की थेंब नाही येत.

मंजिरी : बस, तेच. आणि शिवाय आवाज. आणि तो पंप स्वतःच पाणी तापवतो. मग थंड कोणाला करून राहिलो आपण?

पांडुरंग : आणि हा काळा?

मंजिरी : काळ्यात जोर कमीच आहे. एक उन्हाळा काढेल, दुसरा नाही काढणार.

पांडुरंग : मग तो नको.

मंजिरी : पण मला एक संध्याकाळच काढायची आहे, बाबा! त्या मुलाची एकच अट आहे, मशीन चालू करून दाखवा. पंप नाही लावला तर पाणी फिरणार नाही, पाणी फिरलं नाही तर ग्राफिक्स कार्ड तापून सगळं बंद. पंप लावायचा, दाखवायचं, द्यायचं. सोमवारपासून मी नया रायपूरच्या ऑफिसात. बस पकडायची, फाइली लावायच्या, घरी यायचं. विषय संपला.

वनमाला : फाइली लावाले आर्किटेक्चर शिकली काय तू?

मंजिरी : आई, प्लीज.

वनमाला : मी कुठी काय म्हटलं? मी आंबे चिरून राहिली.

पांडुरंग : ते बिल्डर, अनंतराव... त्यांनी पुन्हा काही काम दिलं नाही?

मंजिरी : कशाला देतील? त्यांच्या कॉलनीचा सिनेमा बनवून द्यायचा होता. गेटातून आत शिरलं की रस्ता, झाडं, घर, घराच्या आत स्वयंपाकघर, सगळं फिरून दाखवायचं. गिऱ्हाइकं बोलावून ठेवली होती त्यांनी. आणि आदल्या दिवशी टेबलावरून पाणी टपकून राहिलं. ते म्हणाले, बेटा, अगली बार. असं म्हणाले की समजून जायचं.

पांडुरंग : पंप गळला म्हणून.

मंजिरी : पंप गळला म्हणून.

पांडुरंग : तुला वाटतं का, की तू निवडायला चुकलीस?

मंजिरी : परागला वाटतं.

पांडुरंग : तुला विचारलं मी.

मंजिरी : मला... काय माहीत, बाबा. महिनाभर वाचून वाचून निवडला होता. पैसे कमी, जोर पुरेसा, आवाज नाही. वाटलं होतं, बरोबर जमलं. पण गळला न शेवटी. दुसऱ्या कोणी निवडला असता तर नसताही गळला. सोडा न. काळा सांगून टाकते.

वनमाला : सूनबाई, त्याच्या आधी गच्चीवर जाऊन ये. कालच्या फोडी उलट्या कर. उन्हानं कडक होऊन जाईन एका बाजूनं.

मंजिरी : आत्ता? भर उन्हात?

वनमाला : डोक्यावर ओढणी घे. आन चटकन नोको येऊ, एक-एक फोड उलटी कर. ढीग नोको करू.

मंजिरी : बरं. बाबा, फोन तुमच्याजवळ ठेवते. भार्गवभैयाचा आला तर सांगा, दहा मिनिटांत कळवते.

पांडुरंग : हो.

(जिन्यावरून चपलांचा आवाज वर जातो.)

वनमाला : गेली. आता बोला.

पांडुरंग : काय बोलू?

वनमाला : मातीच्या तेलाची, रॉकेलची बाटली.

पांडुरंग : कोणती?

वनमाला : अभनपूरहून तुमच्या दोस्तानं, तुळशीरामनं आणून देल्ली होती ती. आजकाल मिळते काय कुठी मातीचं तेल? मी मोरीच्या वर लपवून ठेवते. आपल्या घरी कूलर दोन. डास नोको व्हावे म्हणून तुम्ही दर रविवारी कूलर धुता, पाणी भरता, चमचा-चमचा तेल टाकता. दरसाल बाटली बरसातीपर्यंत जाते. यंदा बुडाले लागली. काहून?

पांडुरंग : उडून गेलं असेल. ऊन किती आहे.

वनमाला : अहो, तुम्हाले खोटं बोलता येत नाही. लग्नापासून पाहून राहिली. तुमचे कान लाल होते.

पांडुरंग : उन्हानं.

वनमाला : घरात बसून?

पांडुरंग : ...तिसरा होता.

वनमाला : काय तिसरा?

पांडुरंग : कूलर. म्हणजे कूलर नाही. तिच्या टेबलावरची ती टाकी.

वनमाला : अरे माझ्या देवा.

पांडुरंग : हळू बोल. वर ऐकू जाईल.

वनमाला : कॉम्प्युटरमंदी मातीचं तेल टाकलं तुम्ही?

पांडुरंग : कॉम्प्युटरमध्ये नाही. टाकीत. पाणी साठलेलं होतं तिथं. नगर निगमची गाडी आपल्या पाऱ्याच्या, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून रोज ओरडते न, साठलेल्या पाण्यात तेल टाका, साठलेल्या पाण्यात तेल टाका. मला वाटलं, एवढं काम करते पोरगी, तिच्या पायाशी डास नकोत. दोन कूलर झाले की तिच्या कामाच्या खोलीत जायचो. झाकण फिरवायचो, चमचाभर टाकायचो, झाकण लावायचो. ती झोपलेली असायची रविवारी.

वनमाला : किती रविवार?

पांडुरंग : ते नको विचारू.

वनमाला : आन तेलानं पंप बिघडला, हे तुम्हाले कोणं सांगितलं?

पांडुरंग : कोणी नाही. टेबलाखाली पाणी आलं, मी फडकं घेऊन पुसायला बसलो. फडक्याला वास आला. मग मी फोनवर वाचलं. पंपात एक रबराची रिंग असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. मातीच्या तेलानं ते रबर फुगतं. फुगतं, वाकडं होतं, आणि मग जागा सोडतं.

वनमाला : म्हणजे त्याच दिवशी माहीत होतं तुम्हाले.

पांडुरंग : त्याच दिवशी.

वनमाला : मंग रात्री ताटावर काहून नाही बोलले? पराग तिले काय काय म्हणून राहिला होता!

पांडुरंग : ऐकलं मी.

वनमाला : एक पंप निवडून होत नाही तुझ्याच्यानं, म्हणे. घरबसल्या धंदा करते म्हणे. पोट्टी खाली मान घालून भात कालवत होती. तुम्ही समोर बसून होते.

पांडुरंग : होतो.

वनमाला : काही बोलले तं असन.

पांडुरंग : मीठ मागितलं.

वनमाला : काय?

पांडुरंग : मी म्हटलं, जरा मीठ दे.

वनमाला : मीठ!

पांडुरंग : तोंड उघडलं होतं मी. सांगायलाच उघडलं होतं. पण परागनं माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातून मीठ आलं. तिनं उठून आणून दिलं. आमटीत होतंच मीठ. मग वरून घेतलं, आणि ती खारट आमटी संपवली. तेवढीच शिक्षा झाली मला.

वनमाला : पोराले भेता तुम्ही?

पांडुरंग : भितो.

वनमाला : ज्याले सायकल शिकवली त्याले?

पांडुरंग : ती तू शिकवलीस. मी मागून पुस्तक घेऊन चालत होतो.

वनमाला : आता हसवू नोका. ती येऊन राहिली. चपला वाजल्या. सांगा तिले.

पांडुरंग : आत्ता नको. संध्याकाळी तो मुलगा मशीन घेऊन गेला की...

वनमाला : मशीन गेल्यावर सांगून काय पुण्य लागन? नाही सांगितलं तं मी सांगते.

पांडुरंग : नको! मी सांगतो. तू फक्त इथंच बस.

मंजिरी : बाप रे, चपलेतूनही पाय भाजले. आई, फोडी तर उलट्याच होत्या! तुम्ही सकाळीच केल्या होत्या काय?

वनमाला : अस्सं? म्हातारपण, बापा. आठवत नाही.

मंजिरी : फोन आला होता, बाबा?

पांडुरंग : नाही. मंजिरी, बस.

मंजिरी : पाणी पिऊन येते.

पांडुरंग : आधी बस. मग पी. म्हणजे... नाही, आधी पी.

मंजिरी : काय झालं? बरं वाटत नाही काय तुम्हाला? आई, यांचे कान पाहा.

वनमाला : पाहिले मी.

पांडुरंग : ती टाकी. तुझ्या पंपाची. त्यात मी... दर रविवारी, कूलर झाले की... मी मातीचं तेल टाकत होतो. डासांसाठी. म्हणजे डास होऊ नयेत म्हणून. पंप तुझ्यामुळे नाही गळला. मी बिघडवला. आणि मला त्याच दिवशी समजलं होतं, आणि मी बोललो नाही. झालं. एवढंच.

मंजिरी : माहीत आहे मला.

पांडुरंग : काय?

मंजिरी : मला माहीत होतं, बाबा. दुसऱ्या दिवशी पंप उघडला न मी. रिंग भिजलेल्या शेवेसारखी फुगून बाहेर आली होती. टाकीतल्या पाण्यावर तवंग होता, उन्हात धरला तर मोराच्या पिसासारखा चमकून राहिला. आणि वास. तो वास या घरात एकाच बाटलीतून येतो.

वनमाला : आन तू गप बसली?

मंजिरी : हव.

पांडुरंग : पण... पराग तर त्यानंतरही रोज टोमणे मारत होता. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, माझीच निवड चुकली. माझ्यासमोर म्हणालीस.

मंजिरी : मग काय म्हणायला पाहिजे होतं? तुमच्या बाबांनी केलं, असं?

पांडुरंग : हो. असंच.

मंजिरी : मागच्या वर्षी स्कूटर त्या दुभाजकाला थोडी घासली, तर परागनं तुमची किल्ली काढून घेतली. दिवाळीनंतर दूध उतू गेलं आणि गॅस विझला, तर लाइटर वरच्या फळीवर गेला. बँकेचं ॲप त्याच्या फोनमध्ये गेलं. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणता, बरोबर आहे त्याचं. आणि मग आठ दिवस वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसता. कूलर तेवढे तुमच्याकडे राहिले आहेत, बाबा. हे सांगितलं असतं तर तेही गेले असते.

वनमाला : कांदा कोणी आणला इथं? मी तं आंबे चिरून राहिली होती.

मंजिरी : आई, रडू नका न.

वनमाला : कोण रडून राहिलं? चीक उडाला डोळ्यात.

पांडुरंग : माझ्या कूलरांसाठी तू मशीन विकायला निघालीस?

मंजिरी : नाही, एवढी चांगली नाही मी. तसं नका समजू. खरं सांगू? राग आला होता मला. खूप. त्या दिवसापासून मी तुमच्याशी नीट बोलले नाही, तुम्ही पाहिलं असेल. चहा टेबलावर ठेवून निघून जायची.

पांडुरंग : मला वाटलं, तू उदास आहेस.

मंजिरी : उदास पण होते, चिडलेली पण होते. तुम्ही येऊन सांगाल, अशी वाट पाहत होते. तुम्ही यायचे, दारात उभे राहायचे, म्हणायचे, ऊन फार आहे नाही आज? आणि जायचे. परवा पराग म्हणाला, विकून टाकू, तेव्हा मी पटकन हो म्हटलं. त्यात थोडं असंही होतं, की बघू, आता तरी बोलतात काय.

पांडुरंग : आणि मी विचारलं, किती पैसे येतील?

मंजिरी : हव. तेच विचारलं.

पांडुरंग : मग रागव न मला. कोणी तरी रागवायला पाहिजे होतं. इतके दिवस या घरात सगळे तुला रागवत होते आणि मी ऐकत बसलो होतो.

मंजिरी : सासऱ्यावर कसं रागवतात? मला नाही येत.

वनमाला : मी शिकवते. आधी कमरेवर हात ठेव.

मंजिरी : आई! ...बरं. रागवते. बाबा, दुसऱ्याच्या वस्तूत असं काही टाकायचं नसतं. विचारायचं असतं आधी.

पांडुरंग : बरोबर.

मंजिरी : नाही, चुकलं. तुम्ही विचारलं होतं.

पांडुरंग : ते असू दे.

मंजिरी : असू दे कसं? तेच तर मला झोपू देत नाही. मी नवीन नवीन मशीन जोडलं तेव्हा तुम्ही आले होते खोलीत. नळ्या पाहिल्या, टाकी पाहिली. विचारलं, हे काय? मी म्हटलं, कूलरच समजा, बाबा. मग तुम्ही आणखी काही तरी विचारलं. माझ्या कानात हेडफोन होता, अनंतरावांचा फोन सुरू होता. मी ऐकलंच नाही. नुसती मान हलवली आणि म्हटलं, हव बाबा, हव. काय विचारलं होतं तुम्ही?

पांडुरंग : आता काय त्याचं.

मंजिरी : सांगा न.

पांडुरंग : विचारलं होतं, मग याचंही कूलरसारखंच सगळं करावं लागेल काय?

मंजिरी : ...आणि मी हव म्हटलं.

पांडुरंग : तू कामात होतीस.

मंजिरी : मला अंदाज होता, असंच काही असणार. तुमच्याशी बोलताना मी नेहमीच एक कान बाहेर ठेवते. मग घरात सगळ्यांत जास्त ऐकून घेणारा माणूस म्हणून तुमचंच नाव घेते.

वनमाला : आता दोघं मिळून माफी मागत बसा. पाच वाजले की तो पोट्टा येऊन मशीन घेऊन जाईन, तुमचं चालूच राहीन.

पांडुरंग : मंजिरी, एक सांगायचं राहिलं. तू मघा म्हणालीस, दुसऱ्या कोणी निवडला असता तर गळला नसता.

मंजिरी : ते खरंच वाटतं मला. वास आला तरी वाटतं. मी स्वस्तातला घेतला म्हणून रबर हलकं असेल. तो चांदीचा असता तर तेल पडूनही टिकला असता कदाचित. परागचं अगदीच खोटं नाही.

पांडुरंग : खोटं आहे. मी वाचलं. त्या महागाच्या पंपाचं पुस्तक कंपनीनं नेटवर ठेवलं आहे, त्यातलं रबराचं पान मी वाचलं, समजलं नाही म्हणून दोनदा वाचलं. रिंग त्याच रबराची आहे. पाण्यासाठी केलेलं रबर आहे ते, तेल लागलं की सारखंच फुगतं. कोणताही आणला असतास तरी मी तो बिघडवलाच असता. तू बरोबर निवडला होतास.

मंजिरी : ...खरं वाचलं तुम्ही? मला बरं वाटावं म्हणून नाही न म्हणून राहिले?

वनमाला : कान पाहाय त्यांचे.

मंजिरी : नाही. लाल नाहीत.

पांडुरंग : वनमाला, परागला फोन लाव.

वनमाला : आत्ता? ऑफिसात असन तो.

पांडुरंग : आत्ता लाव. संध्याकाळी तो समोर असेल. समोर असला की मला... फोनवर चेहरा दिसत नाही.

मंजिरी : बाबा, नका. मी सांगेन त्याला कधी तरी, हळूच. तुम्हाला माहीत आहे तो काय म्हणेल.

पांडुरंग : माहीत आहे. लाव.

वनमाला : वाजून राहिला. घ्या.

पांडुरंग : हॅलो. पराग? हो, मीच... जेवलास काय?... बरं. नाही, सगळे ठीक आहेत. पडलो वगैरे नाही... ऐक. मला एक सांगायचं आहे, मध्ये बोलू नकोस. मध्ये बोललास तर मी मीठ मागेन... नाही, तुला नाही समजणार ते. ऐक. मंजिरीच्या मशीनचा पंप मी बिघडवला... मी. टाकीत मातीचं तेल टाकत होतो, कूलरमध्ये टाकतो तसं... हो... हो, अक्कल होती तेव्हा पण... नाही, तिनं काही चुकीचं आणलं नव्हतं. तेच सांगायला फोन केला. पंप बरोबर होता. तू तिला जे जे बोललास ते माझं होतं, ती माझ्यासमोर घेत राहिली... ऐकून राहिलो मी, बोल... हो... हो, बरोबर आहे... नाही लावणार हात. कूलरलाही नाही... ठीक आहे.

मंजिरी : बाबा, फोन द्या इकडे.

पांडुरंग : नको. बरोबर बोलून राहिला तो... पराग, आणखी एक. त्या मशीनचं काय करायचं ते तिचं तिला ठरवू दे. मी बाप आहे तुझा, म्हणून एवढं सांगतो. ...बरं. पाणी पीत जा ऑफिसात. ऊन फार आहे. ठेवतो.

वनमाला : काय म्हणे?

पांडुरंग : संध्याकाळी बोलू म्हणाला.

वनमाला : ओरडला काय?

पांडुरंग : आधी ओरडला. मग गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

मंजिरी : कूलर गेले न तुमचे.

पांडुरंग : जाऊ दे. तुझं मशीन जाऊ नये.

मंजिरी : तुम्ही दोघं बापलेक म्हणजे... थांबा. गुढियारीवाल्याला आधी लिहिते. भैया, अभी नहीं बेच रहे, सॉरी. गेला मेसेज. बस.

वनमाला : आन सोमवारचं ऑफिस?

मंजिरी : ते संध्याकाळी. परागसोबत बसून. मी सांगेन त्याला, अनंतरावांकडे मी स्वतः जाते, गळती माझ्या चुकीनं झाली नव्हती म्हणून सांगते, एक महिना द्या म्हणते. नाही म्हणाले तर पाहू. बाबा, तुम्ही फक्त बाजूला बसा. बोलायची गरज नाही. नुसतं बसा.

पांडुरंग : बसेन. मीठ आधीच वाढून घेईन.

मंजिरी : मिठाचं काय आहे हे?

वनमाला : ते मी सांगन तुले नंतर. आधी तुझा भार्गवभैया पाहाय. फोन थरथरून राहिला.

मंजिरी : अरे हो! विचारून राहिला, दीदी, कौन सा लाऊँ?

पांडुरंग : चांदीचा सांग. किल्लीचा.

मंजिरी : नाही. मधला.

पांडुरंग : पुन्हा तोच?

मंजिरी : तोच. त्याचं काही चुकलं नव्हतं.

पांडुरंग : पण त्याचं झाकण हातानं उघडतं, मंजिरी.

मंजिरी : उघडू द्या.

पांडुरंग : नको गं. माझा माझ्यावर भरवसा नाही. मग मी असं करतो, मी तुझ्या खोलीतच येत नाही.

मंजिरी : मग टाकीतलं पाणी उतरलं ते मला कोण सांगेल? पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं. मी तर पडद्यावरच पाहत असते.

पांडुरंग : ...दारातून पाहीन. हात मागे बांधून.